लाकडी झुरळाचं आठवं बोट

दादा,

परवा शुक्रवारी तुमचं झुरळ घेऊन चाकणला गेले. कॉलेजच्या शिपायानं ते जुन्या चादरीत गुंडाळून दिलं होतं आणि मी ते रिक्षात मांडीवर आडवं धरून बसले होते. मोशीच्या पुढे नेहमीचीच कोंडी. पुढे कांद्याचे ट्रक, मागे कंपन्यांच्या बसेस, आणि रिक्षावाला दर दोन मिनिटांनी आरशातून माझ्याकडे बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "मॅडम, काय हाय म्हणायचं त्यात? देव हाय का?" मी म्हटलं, "नाही हो, झुरळ आहे." त्यानंतर चाकण येईपर्यंत गड्यानं पुन्हा आरशात पाहिलं नाही. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की काही गोष्टी पहिल्यापासून सांगायला हव्यात. आता कॉलेजात झुरळ, बेडूक, गांडूळ काहीच चिरत नाहीत. ते बंद झालं. मुलं पडद्यावर बेडूक उघडतात आणि पडद्यावरच मिटतात. त्याला वास नाही, चिकटपणा नाही, नंतर साबणानं हात धुवायची गरज नाही. किती जिवांचे प्राण वाचले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गेल्या वर्षी एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, हे सगळं पोटात खरंच एवढं दाटीनं बसतं का?" तेव्हा मी तिला म्युझियममध्ये नेलं आणि तुमच्या हातच्या लाकडी झुरळापुढे उभं केलं. तिनं हळूच हात लावला. तिनं तिथं काढलेला फोटो कुणाकुणाच्या फोनमधून फिरत चाकणच्या एका कंपनीत पोचला. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग करणारी कंपनी आहे. त्यांना तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांना विज्ञानाचं साहित्य द्यायचं होतं. त्यांनी कळवलं की ह्या मॉडेलचा साचा करून प्रती काढू, फुकट वाटू. म्हणून रिक्षा, चादर आणि मांडीवर झुरळ.

तिथल्या साचे बनवणाऱ्या टूलरूमचे साहेब लातूरकडचे, चाळिशी ओलांडलेले, बोलायला मोकळे. त्यांनी तुमचं झुरळ एका टेबलावर ठेवलं, वरून प्रकाशाची एक रेघ फिरवली, आणि शेजारच्या पडद्यावर ते जसंच्या तसं उमटत गेलं. अन्ननलिका, तिच्या पुढची फुगीर पिशवी, मग अन्न दळणारी ती दातांची पेषणी, तिच्या खालून पंख्यासारखी पसरलेली पाचक नळ्यांची बोटं, मग आतडं. साहेब पडद्यावर ते इकडून तिकडे फिरवत होते आणि एकदम थांबले. "मॅडम, हे कुणी केलंय? याला ड्राफ्ट दिलाय की!" ते पडद्याजवळ सरकले. "शोभेच्या लाकडाला ड्राफ्ट कोण देतंय? हा माणूस पॅटर्नमेकर असणार बघा. मला काहीच करायचं काम ठेवलं नाही त्यानं. हे असंच साच्यातनं सुटून येतंय." मी म्हटलं, माझे वडील. त्या माणसानं काय केलं सांगू? खुर्चीवरून उठला आणि त्या लाकडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मशीनवर काम करणारा आजचा माणूस, तुम्हाला कधी न पाहिलेला.

मग ते पुन्हा बसले आणि म्हणाले, "पण एक सांगू का? हे सात बोटं एका हातचे हायत. बरोब्बर सारख्या अंतरावर. हे आठवं नंतर घुसवलेलं दिसायलंय. याला ड्राफ्टच नाही, दोघांच्या मधी उगं दाबून बसवलंय. काढू का? एका क्लिकचं काम हाय." रविवारपर्यंत सांगते म्हटलं. सोमवारी साचा कापायला घेणार आहेत. लाकडावर चूक झाली तर तुम्ही पुट्टी भरायचात, पोलाद एकदा कापलं की कापलं. तालुक्यातली मुलं मग जी बोटं मोजतील ती माझ्या शब्दावर मोजतील, आणि खरं झुरळ उघडून पडताळायची सोय त्यांना उरलेली नाही. आज रविवार आहे. म्हणून सकाळपासून तुमच्याशी बोलत बसले आहे.

तुम्ही भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतात, हे सांगताना मला कॉलेजात नेहमी दोन वाक्यं जास्त खर्चावी लागत. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडात हुबेहूब प्रत करायची, ती वाळूत दाबायची, अलगद उचलून घ्यायची, आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. ती प्रत म्हणजे पॅटर्न. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा आयटीआय करून रंध्याला लागला म्हणून चुलते तुम्हाला सुतार म्हणून चिडवायचे, आणि खरे सुतार तुम्हाला शेतकरी समजायचे. तुम्हाला दोन्हीचं काही वाटत नसे. पॅटर्न वाळूतून निघताना वाळूची भिंत ढासळू नये म्हणून बाजू सरळ उभी न ठेवता किंचित उतरती द्यायची, तो ड्राफ्ट. जेवताना तुम्ही आईला सांगायचात, "मानसानं बी थोडा ड्राफ ठेवावा. मंग कुटनंबी न दुखावता भायेर निगता येतं." आई म्हणायची, "तुमी आदी ताटावरनं निगा, मला भांडी घासायचीत."

आणि तुमची ती पट्टी. लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा हवा. दर वेळी हिशेब नको म्हणून तुमच्या पट्टीवरचा फूटच एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब होता. दिसायला साधी पट्टी, पण तिच्यावरचे बारा इंच बाजारातल्या बारा इंचांपेक्षा मोठे. लहानपणी मी तिनं वहीत समास आखायची आणि बाईंच्या पट्टीशी तो कधीच जुळायचा नाही. तुम्ही म्हणायचात, "ह्या पट्टीवर आजचं माप नसतंय. निवल्यावरचं असतंय."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या सरांचं म्युझियम म्हणजे तीन काचेची कपाटं. त्यात परदेशातून कधीकाळी आलेली कागदाच्या लगद्याची मॉडेलं होती. त्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, लगद्यातली खळ खायला झुरळं आली, आणि त्यांनी नेमकं झुरळाच्या पचनसंस्थेचं मॉडेल कुरतडून टाकलं. सरांनी वर्गात जाहीर केलं, "आपल्या संग्रहालयात स्वजातिभक्षणाची घटना घडली आहे." सगळे हसले. मग ते जरा खिन्न होऊन म्हणाले, आता असं काम करणारं कोण मिळणार? आणि मी, वर्गात कधी तोंड न उघडणारी गावातली मुलगी, हात वर करून म्हणाले, "माझे वडील करतील."

तुम्ही आलात तो गुरुवार होता, एमआयडीसीच्या सुट्टीचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. सरांनी पुढे केलेल्या पुस्तकातली आकृती तुम्ही अदबीनं पाहिलीत, पुस्तक उलटं धरून पाहिलीत, आणि म्हणालात, "डराइंग झ्याक हाय सर. पर नग दावा." नग म्हणजे खरी वस्तू, हे सरांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी मेणाच्या ट्रेमध्ये, पाण्याखाली, एक झुरळ उघडून टाचण्यांनी ताणून दिलं, भिंगाचा स्टँड तुमच्यापुढे सरकवला, आणि ते दुसऱ्या वर्गाच्या तासाला निघून गेले. तुम्ही वाकता. एक डोळा मिटता, रंध्याची धार बघताना मिटायचात तसा. खोलीत नळ ठिबकतोय, बाहेर मुलं ओरडतायत, तुम्हाला काही ऐकू येत नाही. मला वाटलं होतं दहा मिनिटांत उठाल. दोन तास झाले. मी दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकत होते, पण एका किड्यापुढे कुणी असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

सर परत आले तेव्हा तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "सर, ह्याच्या पोटात जातं हाय!" सर वर्षानुवर्षं ती पेषणी शिकवत आलेले, ते हसले. "आवं हसू नका, बगा तर. सा दात हायत. एकमेकांत कसं बसल्यात! आमच्या हातनं असलं फिटिंग व्हायाचं न्हाई." सरांनी वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. नंतर त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं की किती वर्षांत त्यांनी ते दात इतक्या जवळून पाहिले नव्हते, नुसती नावं घेत होते. तुम्ही मात्र पुढे सरकला होतात. त्या बोटांवर. पुस्तकात त्यांना लांबलचक नाव आहे. एका टोकाला बंद असलेल्या छोट्या नळ्या, त्यातून पाचक रस येतो. तुम्ही त्यांना बोटं म्हणालात आणि आमच्या घरात ती बोटंच झाली. सुईचं टोक एकेका बोटाला टेकवत, ओठ हलवत तुम्ही मोजलीत, आणि फाउंड्रीच्या गेटपासमागे पेन्सिलीनं आकडा टाकलात.

त्यानंतरचे दीड महिने आपली पडवी म्हणजे झुरळाचं बाळंतघर झालं होतं. फाउंड्रीच्या साहेबांना विचारून आणलेले सागाचे उरलेसुरले तुकडे, तुमच्या पटाश्या, कानशी, सरसाचं भांडं. ड्युटीवरून आलात की हातपाय धुऊन थेट तिथं. आई म्हणायची, "घरातली मारायला येळ न्हाई, आन् हितं लाकडाचं घडवीत बसल्यात." पण आतड्याला लोंबणाऱ्या त्या पिवळ्या केसासारख्या नळ्यांना तिनंच आपल्या भरतकामाचा रेशमी दोरा दिला. त्या किती करायच्या, हे तुम्ही सरांना विचारून घेतलं होतंत. शे-दीडशे म्हणाले. "ह्या मला मोजाया आल्या न्हाईत, म्हणून तुमच्या शब्दावर," असं त्यांना बजावूनही आलात. मोजलेलं आणि ऐकलेलं ह्यांत तुम्ही अशी रेघ आखायचात. ती किती मोठी गोष्ट आहे, हे कळायला मला प्राध्यापक होऊन म्हातारं व्हावं लागलं.

पहिल्यांदा ते कॉलेजात नेलंत तो दिवस आठवतो का? सायकलच्या कॅरिअरला बांधून मोशीहून चिंचवडला. पोरं जमली. कपाट उघडलं, आणि फळी आत जाईना. सरांनी दोन फूट सांगितले होते. तुम्ही दोन फूटच कापली होतीत, पण आपल्या पट्टीनं. दोन सूत जास्त. कोणीतरी मागून म्हणालं, "काका, झुरळ जेवून आलंय वाटतं!" आणि सगळा वर्ग फुटला. तुम्हीही हसलात. "सवय वो. लाकूड आक्रसत न्हाई, हे हात इसरला," म्हणालात. सर म्हणाले, काही बिघडत नाही, फळी तासून आणा. पण मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. मीच हात वर केला होता ना. माझ्या वडिलांना साधा फूट मोजता येत नाही, एवढंच त्या पोरांना दिसलं असणार, असं मला वाटत राहिलं.

संध्याकाळी पडवीत तुम्ही फळीची कड तासत होतात. मी शेजारी उभी राहून मॉडेल पाहत होते. खरं तर चूक शोधत होते. आणि ती सापडली. "दादा, ही बोटं सातच आहेत. आठ असतात."

तुम्ही रंधा थांबवला नाहीत. "म्या सात मोजली."

"पुस्तकात आठ आहेत."

"आसतील. त्या नगात सात व्हती."

"तुम्ही सकाळी फूट चुकलात, तशी ही मोजणीही चुकली असेल. तुम्हाला काय कळतं त्यातलं? परीक्षेला बाहेरचे लोक येतात, ते मोजतात. पुन्हा सगळ्यांपुढे हसं करून घ्यायचंय का माझं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तुम्ही रंधा खाली ठेवलात. राग आला नव्हता तुम्हाला. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत आणि विचारलंत, "तू उगडून पाह्यल्यात का? आट?"

"हो," मी म्हटलं.

"मंग बराबर. तुजी नजर तरनी हाय. माजं चुकलं आसंल."

बास. एवढंच बोलणं. सात बोटं घडवायला तुम्हाला आठवडा लागला होता, आठवं तासाभरात झालं. दोघांच्या मधे जागा करून तुम्ही ते सरसानं बसवलंत, वरून रंग दिलात, आणि पुढच्या गुरुवारी झुरळ कपाटात गेलं. सर प्राचार्यांना बोलावून आणतात, प्राचार्य चष्मा पुसून बघतात, शिपायानं तुमच्यासाठी बशीत घालून चहा आणलाय. मला आपल्या माणसाचा अभिमान वाटतोय आणि त्याच वेळी माझी नजर सारखी त्या आठव्या बोटाकडे जातेय. सरांनी बोटं मोजली नाहीत. कुणीच मोजली नाहीत. त्या आठव्याला ड्राफ्ट द्यायचा तुमच्याकडून घाईत राहून गेला, की न पाहिलेल्या वस्तूला तो द्यायला तुमचा हात वळला नाही, हे मला कधीच कळणार नाही. ड्राफ्ट नाही हे सुद्धा मला परवा एका परक्या माणसानं दाखवलं.

पुढे एम.एस्सी.ला विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात ओळ सापडली. ही बोटं सात किंवा आठ असतात. किंवा! त्या दोन अक्षरांपाशी मी किती वेळ बसले होते. शनिवारी घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर चहा पीत होतात. "काय शिकवलं औंदा नवं?" तुम्ही विचारलंत. सांगायचं म्हणूनच तर आले होते. "विशेष काही नाही," म्हटलं, आणि आत गेले. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून ह्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत, दर वर्षी, काठीचं टोक त्या बोटांवर ठेवून मी मुलांना सांगत आले, आठ.

मधे मला म्युझियमची नोंदवही नव्यानं करायचं काम आलं, तेव्हा ही मॉडेलं मुळात कुठून आली हे मी वाचत बसले. वाचता वाचता एक एक असं सापडत गेलं की पुस्तक मिटून तुम्हाला हाक मारावीशी वाटायची. फ्रान्समध्ये एक डॉक्टर होता, दादा. मुलांना शिकायला प्रेतं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, म्हणून त्यानं कागदाच्या लगद्यात बुचाची पूड घालून माणसं, घोडे, किडे घडवले, आणि असे की प्रत्येक अवयव आकड्यावरून सुटा काढता यावा, पुन्हा बसवता यावा. त्यानं कारखाना कुठे काढला असेल? स्वतःच्याच खेड्यात. कामाला कोण? गावातलीच माणसं. नांगराला सवयीचे हात त्यानं डोळ्यातली शीर घडवायला शिकवले. आपल्या झुरळांनी खाल्लं ते मॉडेल त्याच वळणाचं होतं. जर्मनीत कोणी अंड्यातल्या पिल्लाचे सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप घ्यायचे, एकेक काप मेणाच्या पत्र्यावर मोठा करून कापायचे, आणि पत्र्यावर पत्रा रचून ते पिल्लू पुन्हा उभं करायचे, हातभर मोठं. परवा चाकणला एक यंत्र थरावर थर देऊन एक भाग छापताना पाहिलं आणि मला तेच आठवलं. माणसाला आतलं दिसावं म्हणून माणसानं काय काय केलंय!

आणि एक बापलेक होते. काचकाम करणारे. समुद्रातले जेलीफिश, समुद्रफुलं स्पिरिटमध्ये ठेवली की त्यांचा रंग जातो, आकार जातो, बाटलीत नुसता गोळा उरतो. तेव्हा ह्या दोघांनी ते जीव काचेत घडवले. इतके नाजूक की फोटोत बघतानासुद्धा मी श्वास धरला होता. घरात पाण्याच्या टाक्या ठेवून ते जिवंत जनावर पाहत बसायचे. बाप दाखवायचा, लेक पाहायचा, आणि दोघं मिळून घडवायचे. लेकानंतर ते काम करणारं कुणी राहिलं नाही. त्यांची नावं जगाला माहीत आहेत. आमच्या नोंदवहीत तुमच्या मॉडेलपुढे "कर्ता" ह्या रकान्यात रेघ मारलेली होती. ती रेघ पुसून मी तुमचं नाव लिहिलं, तुमचं, आजोबांचं आणि आडनाव. लिहिताना मला राजाचं नाव लिहितेय असं वाटलं. हे वाढवून सांगत नाही. नग दावा म्हणणारी माणसं थोडी असतात, आणि मी त्यातल्या एकाच्या घरात जन्मले, त्याच्या ताटाला ताट लावून जेवले, आणि मला ते कळलं नाही.

दुपारी चाकणला फोन केला. रविवार असूनही साहेबांनी उचलला. म्हटलं, आठवं काढा. ते म्हणाले, "नक्की ना मॅडम? शिक्षक लोक पुस्तक उघडून भांडतेत मग." मी म्हटलं, खाली नावाच्या पट्टीवर लिहा, ही बोटं सात किंवा आठ असतात, हे ज्यावरून घडवलं त्यात सात होती. "कुणी मोजल्ती म्हणून लिहू?" मी तुमचं नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर. त्यांनी ते परत वाचून दाखवलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आन् ते आठवं कुणी बसवल्तं मग?"

मी म्हटलं, नंतर कुणीतरी बसवलं असेल, जुनी गोष्ट आहे.

त्यांना दोन ओळींची मेल पाठवून दिली. हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही, म्हणून उरलेलं इथंच लिहून टाकते. तुम्ही मला विचारलंत, तू उघडून पाहिलीस का, तेव्हा मी सरळ खोटं बोलले असं तुम्हाला कधी वाटलं असेल, तर तेवढंच नव्हतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला मी झुरळ उघडलं होतं. आमच्या टेबलावर सगळ्या शहरातल्या मुली. पुस्तकापेक्षा वेगळं काही दिसलं तर ते आपलंच अडाणीपण, असं मला तेव्हा वाटायचं. जर्नलमध्ये मी आकृतीत आठ काढली, सरांनी सही केली, "सुबक" असा शेरा दिला. मग पडवीत तुमच्या हातची सात पाहिली आणि मला भीती वाटली, तुमच्या चुकण्याची नव्हे, बरोबर असण्याची.

माझ्याही झुरळात सातच होती, दादा. मी दोनदा मोजली होती.